दुरुस्त केलेल्या गिअर-बॉक्समधील तेलगळती : निदान कसे करावे

ट्रॅक्टरच्या गिअर-बॉक्सची संपूर्ण दुरुस्ती होऊन यंत्र घरी येते आणि चार-आठ दिवसांतच त्याखाली तेलाचे डाग पडू लागतात, ही तक्रार पेरणीच्या व ऊस-वाहतुकीच्या दिवसांत वारंवार ऐकू येते. अशा वेळी मालक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री सुट्या भागांना दोष देतो आणि अखेर गिअर-बॉक्स पुन्हा खोलण्याचे ठरते. त्याकरिता ट्रॅक्टर मध्यावर विलग करावा लागतो. मजुरी दुसऱ्यांदा पडते व ऐन वाफशाचे दिवस हातचे जातात. वास्तविक पुष्कळशा गळती गिअर-बॉक्स न खोलता बंद करता येण्याजोग्या असतात. सबब, पाना हाती घेण्यापूर्वी तेल नेमके कोठून येते हे निश्चित करणे, हे पहिले काम होय.

गळती थोडी आहे म्हणून तिकडे दुर्लक्ष करणेही योग्य नाही. दर १० सेकंदांस एक थेंब पडत असेल, तर दिवसरात्रीत ८,६४० थेंब होतात. २० ते ३० थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास हे तेल सुमारे ३०० ते ४३० मिलिलिटर भरते. अनेक ट्रॅक्टरांत गिअर-बॉक्स, मागील दंतचक्रे व हायड्रॉलिक लिफ्ट या सर्वांस एकच तेल पुरते. १९४६ साली निघालेल्या छोट्या फर्ग्युसन ट्रॅक्टरातही हीच रचना होती. अशा यंत्रात तेल कमी पडले, की लिफ्ट झटके देऊ लागते अथवा अवजार उचलत नाही. शेतकऱ्यास वाटते पंप बिघडला, आणि खर्च भलत्याच ठिकाणी होतो.

थेंब जेथे पडतो तेथेच गळती असते, असे समजू नये. तेल धातूच्या अंगावरून खाली उतरते, चालताना मागे सरकते आणि सर्वांत खालच्या बोल्टवरून ठिबकते. म्हणून ओल्या भागाचे सर्वांत वरचे व सर्वांत पुढचे टोक शोधावे. त्यासाठी गिअर-बॉक्सचे बाह्यांग डिझेलने व नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन चिंधीने कोरडे करावे. सील व ब्रीदर यांवर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नये. अंग वाळल्यावर सांध्यांवर खडूची बारीक पूड भुरभुरावी. पांढऱ्या पुडीवर तेलाची पहिली रेघ स्पष्ट उमटते. खाली पुठ्ठा अंथरून ट्रॅक्टर सपाट जागी रात्रभर उभा ठेवावा. हँडब्रेक लावून चाकांस दगडाची अटकण देण्यास विसरू नये, आणि इंजिन चालू असताना कोणीही यंत्राखाली शिरू नये.

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरातून तेल पडत असेल, तर गळती तेलाच्या पातळीच्या खाली आहे. निचऱ्याचा प्लग, त्याचा वॉशर व खालचे सांधे प्रथम पाहावेत. उभ्या स्थितीत कोरडे राहून कामावर असतानाच तेल येत असेल, तर पातळीच्या वरचे सील, झाकणे अथवा आतील हवेचा दाब यांचा संशय घ्यावा.

दाबाचे कारण फारच दुर्लक्षित राहते. गिअर-बॉक्स तापला की आतील हवा प्रसरण पावते व ती ब्रीदरवाटे बाहेर पडावी अशी योजना असते. दुरुस्तीनंतर हौसेने रंग मारताना हा ब्रीदर रंगाने बुजतो, किंवा चिखलाने भरतो. मग कोंडलेली हवा नव्या सीलमधूनही तेल बाहेर लोटते. ब्रीदर काढून धुवावा. तो फुंकर मारून मोकळा असल्याची खात्री करावी व मगच पुढे जावे. तेल अधिक भरले गेले तरी हाच परिणाम होतो. पलटी होणारी ट्रॉली उचललेल्या स्थितीत असताना तेल भरल्यास, ट्रॉली खाली येताच तिच्या सिलिंडरमधील तेल परत येऊन पातळी चढते. तेल नेहमी सपाट जागी, इंजिन बंद करून, लिफ्ट व ट्रॉली खाली असतानाच मापावे.

सर्वांत अधिक वाद होतो तो क्लचच्या घरातून येणाऱ्या तेलाविषयी. त्या घराच्या तळाशी बहुधा एक छिद्र असते. काही ट्रॅक्टरांत ते चिखलाने बुजू नये म्हणून त्यात सैल पिन ठेवलेली असते. या छिद्रातून तेल आल्यास ते इंजिनच्या मागील सीलमधून आले की गिअर-बॉक्सच्या पुढील शाफ्टच्या सीलमधून, हे ठरवावे लागते. दोन्ही दुरुस्त्यांस यंत्र विलग करावे लागते, परंतु सील निराळे व जबाबदारीही निराळी. इंजिनचे वापरलेले तेल काळे असते. गिअरचे तेल मधासारखे फिकट व उग्र वासाचे असते. दोन्ही तेले नुकतीच बदललेली असल्यास रंगावर विसंबू नये. दोन्ही पट्ट्यांवरील पातळी लिहून ठेवून आठ दिवसांनी पुन्हा पाहावी. जी उतरली तेथे दोष. हे छिद्र बुजवून गळती थांबविण्याचा उपाय काही जण करतात. तो घातक आहे, कारण साठलेले तेल क्लच प्लेटवर जाते व क्लच घसरू लागतो.

मागील एक्सलचे सील फुटले तर, कोरडे ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरात तेल ब्रेकच्या अस्तरावर उतरते. ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एका बाजूस ओढतो. उसाची भरलेली ट्रॉली जोडून उतारावर असा ट्रॅक्टर नेणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. असे यंत्र दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढू नये.

सील नवा असूनही गळतो याची कारणे बहुधा बसविण्यातच असतात. सील कोरडा ठोकला, तिरका बसला, शाफ्टच्या दातेरी भागावरून नेताना त्याची ओठासारखी कडा कापली गेली, अथवा स्प्रिंगची बाजू तेलाकडे न ठेवता उलट बसविली, तर तो पहिल्या दिवसापासून गळतो. जुन्या शाफ्टवर नखाला लागेल अशी खोबण पडली असल्यास नवा सीलही टिकत नाही. बोल्टांची अदलाबदल झाली तर लांब बोल्ट छिद्राच्या तळाशी टेकतो, घट्ट झाल्यासारखा भासतो व झाकण मात्र सैल राहते. आतील तेलापर्यंत आरपार गेलेल्या बोल्टच्या आट्यांवर सीलिंगचे सोल्यूशन न लावल्यास तेल आट्यांतून चढून येते. यांपैकी बोल्ट बाहेरून तपासता येतात, ते आधी तपासावेत. बाहेरून लांबीसारखा लेप फासून मात्र काही साधत नाही.

चिखलणी करणाऱ्या शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ज्या सीलमधून तेल बाहेर येते, त्यातूनच खाचरातील पाणी आत शिरू शकते. पट्टीवरील तेल दुधाळ दिसले, तर गळती किती आहे हे न पाहता ते तेल काढून टाकावे, सील बदलावा व नवे तेल भरूनच ट्रॅक्टर पुन्हा खाचरात घालावा.