वाऱ्यावरील पराग व मनुष्याचा श्वास

शास्त्रवाचन : उत्पत्ति १:११-१२; २ राजे २०:१-७; योहान ९:१-३.

पाठाचा हेतू : परागामुळे होणारे विकार कसे होतात, हवामान तापल्याने ते का वाढतात, आणि त्यांविषयी ख्रिस्ती कुटुंबाचे व मंडळीचे कर्तव्य काय, हे समजून घेणे.

ऋतू पालटू लागला म्हणजे पुष्कळ घरांत शिंका, डोळ्यांची खाज, नाकाचे वाहणे आणि रात्रीची धाप सुरू होते. कोणी म्हणतो सर्दी, कोणी म्हणतो बाधा, कोणी वाडवडिलांच्या पापाचे फळ म्हणतो. कारण न कळल्यामुळे उपाय चुकतो, आणि रोग्यास दुखण्याबरोबर लोकांचे बोलणेही सोसावे लागते. म्हणून ह्या विषयाचा शांतपणे विचार करू.

१. पराग म्हणजे काय?

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात वनस्पती आपापल्या जातीप्रमाणे बीज देणाऱ्या निर्माण झाल्या असे सांगितले आहे. ते बीज धरण्याकरिता फुलातील पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचावा लागतो. भोपळ्याचा पराग चिकट व जड असून तो मधमाशी वाहून नेते. परंतु गवते, मका, बाजरी आणि कित्येक वृक्ष आपला पराग वाऱ्याच्या हवाली करितात. मक्याचा तुरा हलविला असता जी पिवळी भुकटी उडते तो परागच होय. मक्याचे कण मोठे असल्याने बहुतेक जवळच खाली बसतात. गवताचे कण लहान असून दूरवर जातात. वारा नेम धरीत नाही, म्हणून अशा वनस्पती पराग विपुल निर्माण करितात. त्यातील थोडा फुलास मिळतो. काही आपल्या नाकात व डोळ्यांत जातो.

२. त्याने विकार कसा होतो?

पराग हे विष नव्हे. बहुतेक मनुष्यांस त्याची बाधा होत नाही. परंतु काहींच्या शरीरातील रक्षकशक्ती ह्या निरुपद्रवी कणास शत्रू समजते व त्याच्याशी लढू लागते. त्या वेळी हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटते. त्यामुळे नाक वाहते, डोळे लाल होतात, शिंका थांबत नाहीत. दम्याच्या रोग्यात श्वासनलिकेचे अस्तर सुजते, तिच्या भोवतीचे स्नायू आवळतात, आत कफ साचतो आणि श्वासाचा मार्ग अरुंद होतो.

हे ज्ञान कष्टाने मिळाले. इंग्लंडातील जॉन बॉस्टॉक ह्या वैद्याने १८१९ मध्ये स्वतःच्याच ह्या दुखण्याचे वर्णन केले, परंतु त्याचे कारण त्यास सापडले नाही. पुढे मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली ह्यांनी, ज्यांस स्वतःस हाच विकार होता, आपल्या नाकाडोळ्यांवर पराग घालून परीक्षा केली. पतंगास चिकट काच बांधून उंचावरील हवेतील परागही मोजला. १८७३ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हे दुखणे परागाचे आहे असे त्यांच्या प्रयोगांनी दाखविले.

३. हवामान बदलल्याने काय होते?

कारखाने व वाहने चालविण्यासाठी मनुष्याने दगडी कोळसा व खनिज तेल जाळिले, त्यामुळे हवेत कर्बवायू वाढला. पूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारे २८० भाग होता. सांप्रत ४२० भागांहून अधिक आहे. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरितो. त्याचा परागाशी संबंध तीन प्रकारे येतो.

पहिला असा की, कर्बवायू हे वनस्पतीचे अन्न आहे. अमेरिकेत रॅगवीड नावाचे एक तण आहे. त्याचा पराग फार त्रासदायक असतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे तण दुप्पट कर्बवायूत वाढविले, तेव्हा त्याने ६१ टक्के अधिक पराग दिला.

दुसरा असा की, थंड देशांत हिवाळा लवकर सरू लागल्याने फुलोराही लवकर येतो. उत्तर अमेरिकेतील ६० ठिकाणच्या १९९० ते २०१८ पर्यंतच्या नोंदी तपासल्या असता परागाचा हंगाम सुमारे २० दिवस अगोदर सुरू होतो, ८ दिवस अधिक टिकतो, व परागही सुमारे २१ टक्के वाढला आहे, असे आढळले. हा सर्वच बदल उष्णतेमुळे झाला असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. परंतु त्यात उष्णतेचा वाटा आहे असे त्यांनी दाखविले आहे. आपल्याकडे मात्र गवताचा फुलोरा थंडीपेक्षा पावसावर अवलंबून असतो. म्हणून परदेशचे आकडे जसेच्या तसे आपल्या गावास लावू नयेत.

तिसरा प्रकार वादळाचा. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न नगरात सायंकाळी मेघगर्जनेसह वादळ आले. राय नावाच्या गवताचा पराग ओलाव्याने फुटून त्याचे अतिसूक्ष्म तुकडे वाऱ्यावर पसरले. अख्खा कण बहुधा नाकातच अडतो. हे तुकडे छातीत खोल गेले. काही तासांत हजारो लोक धापा टाकीत रुग्णालयांत आले, व १० जण मरण पावले. रोग्यांपैकी पुष्कळांस पूर्वी केवळ शिंकांचा त्रास होता, दमा ठाऊकही नव्हता. म्हणून शिंकांचे दुखणे क्षुल्लक मानू नये.

४. आपल्या शिवारातील गाजर गवत

आपल्याकडील उदाहरण प्रत्येकाच्या बांधावर उभे आहे. गाजर गवत, ज्यास काँग्रेस गवतही म्हणतात, ते मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या देशात ते १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आले. आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सामान्यतः मानितात. एका मोठ्या झाडास हजारो बिया धरतात. त्याच्या अंगातील पार्थेनिन नामक द्रव्याने पुष्कळांच्या कातडीस खाज व चट्टे येतात, आणि त्याच्या परागाने शिंका व धाप लागते. अधिक कर्बवायूत हे तण अधिक उंच वाढते व बीही अधिक धरते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. त्यास थोडी ओल पुरे होते. अवकाळी पाऊस पडला की पुन्हा उगवून फुलते. ह्याचा नाश करण्यासाठी १९८४ मध्ये मेक्सिकोतील एक भुंगा आपल्या देशात सोडण्यात आला. तो त्याची पाने खातो, परंतु सर्व काम तो करील अशी आशा धरून मनुष्याने हात जोडून बसू नये.

५. आपले कर्तव्य

(अ) गाजर गवत फुलावर येण्यापूर्वीच, पावसानंतर जमीन मऊ असता, मुळासकट उपटावे. हातास कापड किंवा मोजे व नाकास फडके बांधावे. ज्यास दमा आहे किंवा ज्याच्या कातडीस चट्टे येतात, त्यास ह्या कामावर लावू नये. फुललेले तण जाळू नये. धूरही छातीस वाईटच. मंदिराच्या व शाळेच्या आवारापासून आरंभ करावा.

(आ) फुलोऱ्याच्या दिवसांत दमेकऱ्याने शेतातून आल्यावर हातपाय व तोंड धुवावे, कपडे बदलावे. वादळाचे वारे सुटताच घरात येऊन दारेखिडक्या लावाव्या. चुलीचा धूर बाहेर जाईल अशी सोय करावी, कारण धुराने दुखावलेली छाती परागाने अधिक लवकर भरते.

(इ) प्रत्येक खोकला परागाचा नसतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थुंकीची तपासणी करावी. तो क्षय असू शकतो.

(ई) डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप लाजेने किंवा भयाने टाकू नये. पंपाची चटक लागते हा समज खोटा आहे. एक औषध आलेली धाप मोडण्याचे असते, दुसरे सूज दाबून धाप येऊच न देण्याचे. बरे वाटताच दुसरे औषध सोडून देणारे पुष्कळ आहेत. पुढच्या हंगामात तेच अत्यवस्थ होतात. बोलतांना धाप लागली, ओठ निळसर झाले, किंवा पंपाने उतार पडेना, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

येथे कोणी म्हणेल, प्रार्थना असता औषध कशास? हिज्कीया राजाने अश्रू गाळून प्रार्थना केली व देवाने ती ऐकिली. तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधविले. प्रार्थना व औषध ह्यांचे तेथे भांडण नाही. तसेच जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारिले, तेव्हा प्रभूने तो दोष त्याच्यावरही ठेविला नाही व त्याच्या आईबापांवरही ठेविला नाही. मग दम्याच्या मुलीस दोषी ठरवून तिच्या लग्नाच्या वेळी औषध लपवावयास लावणारे आपण कोण? लपविलेला पंप वेळेवर हाती येत नाही, आणि त्याने जीव जातो.

आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. ज्यांनी सर्वांत अधिक कोळसा व तेल जाळिले ते बहुधा दूरच्या श्रीमंत देशांतले आहेत. बांधावर तण उपटणाऱ्या मजूर बाईचा त्यात वाटा फार थोडा. तरी धाप तिलाच लागते, आणि तिची मजुरी बुडते. हा अन्याय आहे, व तो अन्याय आहे असे म्हणण्यास मंडळीने भिऊ नये. त्याबरोबर तिच्या औषधाची काळजी घेणे हेही मंडळीचेच काम आहे.

मननासाठी प्रश्न

१. वाऱ्याने जाणारा व माशीने जाणारा पराग ह्यांत भेद काय?
२. कर्बवायू वाढल्याने परागावर कोणते परिणाम होतात?
३. हिज्कीयाच्या कथेवरून औषधाविषयी आपण काय शिकतो?
४. आपल्या मंडळीत दम्याने पीडित कोण आहेत? त्यांच्याजवळ औषध आहे काय, व रात्री रुग्णालयात नेण्यास वाहन कोणाचे मिळेल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर पंचांनी लिहून ठेवावे, आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते पुन्हा वाचावे.