एका अक्षराचा फरक

चि. मृण्मयी,



संगणकाचं कोटेशन पाहिलं. दुकानदाराने रायझन ७ ५७०० प्रोसेसर लावलाय आणि तू विचारतेस, ‘५७००एक्सऐवजी हाच घेतला तर एका अक्षराने काय बिघडतं?’ बिघडतं, बाई. कोअर दोन्हींत आठ, वेगही दोन्हींचा ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत. पण एक्सवाल्याला एल३ कॅश ३२ एमबी, बिनएक्सच्याला १६. हा ५७०० मुळात अंगचं ग्राफिक्स असलेल्या चिपच्या घरातला. ते ग्राफिक्स बंद करून विकायला ठेवलाय.

कॅश म्हणजे गॅसजवळचा मिसळणाचा डबा आणि रॅम म्हणजे फडताळ. दर फोडणीला हळदीसाठी फडताळाकडे धावलीस तर मोहरी करपणारच, हात कितीही चपळ असोत.

कॅश छाटण्याचा हा प्रकार जुनाच आहे. १९९८च्या एप्रिलमध्ये इंटेलने स्वस्त बाजारासाठी सेलेरॉन काढला, तो पेंटियम २ची एल२ कॅश पार काढून. टीका इतकी झाली की ऑगस्टमध्ये १२८ केबीचा ३००ए आला. थोरल्याकडे ५१२ केबी होती खरी, पण ती वेगळ्या चिपांत, निम्म्या वेगाने चालणारी. धाकट्याची चिपच्या पोटातच, पूर्ण वेगाची. बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झवरून १०० केला की हा ३०० मेगाहर्ट्झचा गडी ४५०वर पळायचा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या माझ्या ३००एवर मीही ते केलं, आणि अर्धी रात्र पंख्यापुढे हात धरून वारा कितपत गरम येतोय ते बघत बसलो. तुझी काकू अजून चिडवते.

काटछाट म्हणजे लबाडीच, असं मात्र धरू नकोस. आठातला एखादा कोअर सदोष निघाला तर तीच चिप सहा कोअरची म्हणून विकतात. डागी हापूस आमरसाला जातो, तसं. इंटेलच्याच १९९१च्या ४८६एसएक्सची गोष्ट निराळी. त्यात गणिताचा भाग बंद करून ठेवलेला, आणि वर ‘जोड’ म्हणून विकलेला ४८७एसएक्स हा खरं तर अख्खा प्रोसेसर, पहिल्याला गप्प बसवणारा. याला मी लबाडीच म्हणतो.

५८००एक्स३डीच्या ९६ एमबी कॅशला भुलू नकोस. गेमवाल्यांना तो सोन्यासारखा, पण त्याचा वेग साध्या ५८००एक्सहून किंचित कमी आहे, आणि तुझ्या रेंडरिंगला त्या कॅशचा फारसा उपयोग नाही. ५७००एक्सच घे. बिलावर पूर्ण नाव लिहून घे, आणि खोकं फोडण्याआधी त्यावरच्या नावाचा फोटो मला पाठव.

तुझा,
सुधाकाका