न सांगता येणारी दाढदुखी

चोपडा तालुक्यात केळ्यांना तोटा नाही. ज्या बालकास नीट चावता येत नाही, त्यास घरची माणसे कुस्करलेले केळे, दूधपोळी अथवा चहात भिजविलेले बिस्किट भरवितात. मुलाच्या पोटात दोन घास जावेत ही आईची पहिली चिंता असते, आणि ती रास्तच आहे. परंतु मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याची जीभ व ओठ ताब्यात नसतात, त्याच्या गालात व टाळूस हा मऊ घास तासन्‌तास चिकटून राहतो. इतर मुले जिभेने दात चाटतात, लाळ गिळतात, चूळ भरतात. या बालकास यांपैकी एकही क्रिया पुरती साधत नाही. मग तोंडातील जंतू त्या गोड अंशापासून आम्ल तयार करतात, दाताचे कवच झिजते व कीड लागते.

पुढचा प्रकार अधिक कष्टाचा आहे. दाढ ठणकू लागली तरी हे बालक ते सांगू शकत नाही. ते जेवण टाळते, एकाच बाजूने चावते, गालावर हात मारून घेते, रात्री किंचाळून उठते, शेजारच्या मुलास चावते. घरी त्यास हट्टी म्हणतात, वर्गात खोडकर म्हणतात. क्वचित त्यास मारही बसतो. म्हणून मतिमंद, मूकबधिर अथवा स्वमग्न बालकाचे वागणे एकाएकी बदलले, तर शिक्षकाने शिक्षेचा विचार करण्यापूर्वी त्याचे तोंड उजेडात पाहावे. दातावरील काळा वा तपकिरी खड्डा, हिरडीवरील पुळी, सुजलेला गाल व तोंडाची दुर्गंधी ही लक्षणे ओळखण्यास वैद्यकाचे शिक्षण लागत नाही.

दुधाचे दात पडणारच, त्यांची काळजी कशाला, असे पुष्कळ पालक म्हणतात. पण साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे जी दाढ येते ती कायमची असते, आणि तीही दुधाचीच समजून दुर्लक्षिली जाते.

काही औषधांचाही येथे संबंध पोहोचतो. अपस्मारावरील फेनिटॉइनने काही मुलांच्या हिरड्या फुगून दातांवर येतात. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद करणे घातक होय; डॉक्टरांस सांगावे व दात अधिक काळजीने घासावेत. गोड पातळ औषध रात्री पाजल्यावर तोंड ओल्या फडक्याने पुसावे. डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांचे दात उशिरा येतात व हिरड्या लवकर बिघडतात. त्यांपैकी अनेकांस जन्मतः हृदयदोषही असतो. तोंडातील जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत जाऊ शकतात, म्हणून तो दोष दंतवैद्यास आधी सांगावा.

ज्या बालकास स्वतः घासता येत नाही त्याचे दात मोठ्या माणसाने दिवसातून दोनदा घासावेत. मुलास बसवून, मागून त्याचे डोके आपल्या छातीशी टेकवावे. उताणे निजवून घासल्यास ठसका लागतो. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. ज्याची मूठ घट्ट वळत नाही, पण हात हालतो, त्याच्या ब्रशच्या दांडीवर सायकलच्या मुठीचे जुने रबर चढवावे. पुष्कळ मुले मग स्वतः घासू लागतात. मिसरी मात्र मुलाच्या हिरडीस कदापि लावू नये. ती तंबाखू आहे. हे सर्व आईला अहिराणीत किंवा पावरीत सांगावे, आणि एकदा तिच्यासमोर करून दाखवावे.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. दातांचे विकार त्याच्या तपासणीत समाविष्ट आहेत. परंतु पायाने अधू असलेले मूल नेमके त्याच दिवशी घरी राहते. शिक्षकाने आदल्या दिवशी घरी निरोप धाडून त्यास आणवावे व आपण पाहिलेली लक्षणे तारखेसह लिहून पथकाच्या हाती द्यावीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जायचे तर आईची एक दिवसाची मजुरी बुडते. ती चिठ्ठी जवळ असली, तर तिचे मूल बोलत नसतानाही कोणती दाढ दुखते हे तेथे कळते.