आधी नंबर, मग रंग

पावस, गोळप, गणेशगुळे या भागातल्या बागांमधून फिरताना एखाद्या मांगरात, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांच्या आड, अजूनही जुनी जीप उभी दिसते. मालक कौतुकाने सांगतात, "दुसऱ्या महायुद्धातली आहे हो!" कधी ते खरं असतं. पुष्कळदा ती महिंद्रने नंतर बनवलेली गाडी निघते, आणि कधी दोन-तीन गाड्या मिळून एक झालेली असते. यांतली कुठली गाडी आपल्यासमोर आहे हे कळेपर्यंत विसार देऊ नये. दिला असेलच, तर निदान ग्राइंडर चालवू देऊ नये. या गाड्यांची ओळख गंजाखाली आणि रंगाच्या थरांखाली दडलेली असते आणि गाडी नवी करण्याच्या घाईत पहिला बळी तिचाच जातो.

माझ्याकडे 1944 सालची विलीज आहे. बागेतून ती गंजलेल्या अवस्थेत आणली आणि रीतसर नोंदवून रस्त्यावर आणली. गाडी दुरुस्त करणं तुलनेने सोपं होतं. ती कोणती आहे हे सिद्ध करण्यातच खरा काळ गेला. म्हणून आज कुणी विचारलं, की मी आधी गॅरेजचा पत्ता देत नाही, नंबर कुठे शोधायचा ते सांगतो.

थोडी पार्श्वभूमी हवीच. युद्धकाळात अमेरिकेत विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच आराखड्यावर मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. विलीजची ती 'एमबी', फोर्डची ती 'जीपीडब्ल्यू'. एकीचा भाग दुसरीला बसावा हाच हेतू होता आणि तो पुरता साधला. ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे हिंदुस्थानात अशा पुष्कळ गाड्या आल्या आणि युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये निघाल्या. आपल्याकडची म्हातारी माणसं अजून 'डिस्पोजलची जीप' असंच म्हणतात. काही गाड्या सैन्यात राहिल्या आणि नंतर लिलावातून बाहेर पडल्या. त्याच सुमारास, 1945 साली स्थापन झालेल्या आजच्या महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला घेतल्या. त्या मुलकी वापराच्या, सीजे मालिकेतल्या. पुढे दशकानुदशकं आपल्या रस्त्यांवर दिसली ती याच घराण्यातली गाडी. चेहरेपट्टी एकच असल्याने फसगत होते.

लांबून पाहायच्या खुणा अशा. युद्धकाळातल्या पत्र्याच्या जाळीला उभ्या फटी नऊ, मुलकी गाडीला सात. युद्धातल्या गाडीचे हेडलाइट लहान आणि जाळीच्या मागे दडलेले. शिवाय ते बिजागरीवर असतात, उलटे फिरवले की रात्री इंजिनावर उजेड पडतो. मुलकी गाडीचे दिवे मोठे आणि जाळीच्या पुढे आलेले. युद्धातल्या गाडीची मागची बाजू बंद असते आणि स्टेपनी मागे लटकते. मुलकी गाडीला मागे उघडणारं फळकं असतं. बॉनेट नाकापर्यंत उंच आणि चौकोनी दिसलं, तर ती सीजे-3बी समजा. ते मॉडेलच 1953 सालचं आहे, त्यामुळे युद्धाचा प्रश्नच मिटतो.

या खुणांवर फार विसंबू नका. जाळी बदलता येते, मागचं फळकं वेल्ड करून बंद करता येतं. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीला जुन्या सांगाड्यावर कोरी बॉडी चढवून जीप तयार होतात आणि सुंदर होतात. गाडी म्हणून ती चालेल. युद्धातली म्हणून दाम मोजायचा असेल, तर खाली चेसिसच बघायला हवं.

पोतं अंथरून गाडीच्या नाकाखाली आडवं व्हा. रेडिएटरच्या खाली चेसिसच्या दोन दांड्यांना जोडणारा आडवा तुकडा असतो. तो गोल नळीचा असेल तर चेसिस विलीजचं, उलट्या पन्हळीसारखा चौकोनी असेल तर फोर्डचं. हा फरक कुणी सहसा बदलत नाही, कारण त्यात कुणाचा फायदा नाही. फोर्डने बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा आपलं इंग्रजी एफ अक्षर उठवलं होतं. पण सैन्याच्या वर्कशॉपमध्येच भागांची अदलाबदल झालेली असल्याने चार-सहा एफ सापडले म्हणून गाडी फोर्ड ठरत नाही.

आता नंबर. फोर्डचा नंबर चेसिसच्या डाव्या दांडीच्या वरच्या अंगाला, पुढच्या भागात, थेट लोखंडात ठोकलेला असतो. विलीजची एक छोटी पट्टी डाव्या दांडीच्या आतल्या अंगाला, बंपरच्या लगेच मागे, रिव्हेट केलेली असते. इंजिनाचा नंबर दोघींतही ब्लॉकच्या उजव्या अंगाला, ऑइल फिल्टरच्या मागे, एका सपाट उंचवट्यावर. डॅशबोर्डवरच्या पट्ट्यांवर फार विश्वास ठेवू नये. तशा कोऱ्या पट्ट्या विकत मिळतात आणि हवा तो नंबर, हवी ती तारीख त्यावर ठोकता येते.

माझ्या गाडीची पट्टी दिसतच नव्हती. त्या जागी चिखल, ऑइल आणि तीन रंगांचे थर यांचं ढेकूळ होतं. वायर ब्रश नको म्हटलं, कारण पट्टी पातळ असते आणि आकडे उथळ. थिनरमध्ये भिजवलेला बोळा तिथे दाबून ठेवायचा, रंग मऊ झाला की लाकडी चमच्याच्या दांड्याने हलकेच खरवडायचा, पुन्हा बोळा. आधी एका रिव्हेटचं डोकं दिसलं, मग एम, मग बी, मग तीन लाखांच्या घरातला आकडा. विलीजच्या मालिकेत तो 1944 मध्ये बसतो. लगेच फोटो काढले, कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला, आणि मगच गाडी हलवली.

हे एवढं तपशिलाने लिहितोय, कारण उलट काय होतं तेही पाहिलं आहे. चिपळूणकडच्या एका स्नेह्यांना फोर्डची अस्सल जीपीडब्ल्यू मिळाली होती. त्यांनी ती गॅरेजला दिली आणि सांगितलं, चेसिस चकाचक करा. कारागीर कष्टाळू होता. डावी दांडी पुढे गंजलेली दिसली, म्हणून त्याने ग्राइंडरने ती चोपून साफ केली आणि वरून पाच मिलिमीटरचा पत्रा वेल्ड करून टाकला. काम मजबूत झालं, पण नंबर त्या पत्र्याखाली चोपलेल्या लोखंडात गेला. तपासणीला नेल्यावर निरीक्षकांनी पहिलाच प्रश्न केला, "नंबर दाखवा." दाखवायला काही उरलं नव्हतं. मग कुणीतरी 'पंच मारून देतो' म्हणून सुचवलं. स्नेह्यांनी ऐकलं नाही हे फार बरं झालं. स्वतःच्या हाताने चेसिसवर नंबर ठोकणं म्हणजे चोरीच्या गाडीवाल्यांच्या रांगेत जाऊन उभं राहणं. ती सुंदर गाडी आजही अंगणात आहे, रस्त्यावर येऊ शकत नाही.

म्हणून गॅरेजला गाडी देताना नंबरांच्या जागांवर मास्किंग टेप लावा, त्यावर खडूने फुली मारा आणि मिस्त्रींना हाताला धरून ती जागा दाखवा. सँड ब्लास्टिंग करणाऱ्यालाही. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या पाळीच्या पोऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

कागदांची गोष्ट वेगळी. माझ्या गाडीचं जुनं आरसी बुक मिळालं, ते मालकांच्या दिवंगत वडिलांच्या नावे. त्यात इंजिन आणि चेसिस या दोन्ही रकान्यांत एकच नंबर होता. फोर्डच्या बाबतीत हे बरोबर ठरलं असतं, कारण त्यांच्या कारखान्यातून दोन्ही नंबर सारखेच निघत. विलीजचे वेगळे असतात. आणि गाडीत तर नंतर बसवलेलं डिझेल इंजिन! म्हणजे बुकातला नंबर मूळ पेट्रोल इंजिनाचा असणार आणि जुन्या काळच्या कारकुनाने दिसला तो नंबर दोन्हीकडे उतरवला असणार. ते इंजिन गेलं कुठे? मालकांच्या आईंना आठवत होतं. "पऱ्ह्यावर पंपाला लावलं होतं की! वीज आल्यावर तसंच पडलंय." पऱ्ह्याकाठी निवडुंगात ते खरोखरच होतं, अर्धं मातीत. उंचवट्यावरचा नंबर बुकाशी अक्षरशः जुळला. मग कोल्हापूरला नेऊन ते उघडलं, सिलिंडरना नवे स्लीव्ह घातले आणि 2.2 लिटरचं, साठ अश्वशक्तीचं ते साइड व्हॉल्व्ह इंजिन पुन्हा आपल्या घरी बसलं. चेसिस नंबरच्या दुरुस्तीचा अर्ज दोन्ही छाप, फोटो आणि प्रतिज्ञापत्रासह केला. निरीक्षकांनी गाडी स्वतः पाहिली, त्यांना काही शंका घ्यायला जागाच उरली नाही.

जुनं बुक हाती आलं की आधी आरटीओतून गाडीचे पर्टिक्युलर्स काढा. तीन अक्षरी जुन्या नंबरांच्या नोंदी पुष्कळदा संगणकावर आलेल्याच नसतात, मग बॅकलॉगची नोंद करून घ्यावी लागते. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला, त्यामुळे सावंतवाडी-कुडाळकडच्या गाडीच्या बुकावरही रत्नागिरी जिल्हा असू शकतो. कार्यालय कोणतं, हे आधी विचारून घ्या. मूळ मालक वारले असतील तर गाडी आधी वारसाच्या नावे व्हावी लागते, त्यासाठी फॉर्म 31. विक्रीसाठी 29 आणि 30. कोकणात इथेच घोडं अडतं. गाडी सामाईक, एक भाऊ बागेत, एक बोरिवलीला, बहीण पुण्याला. सगळ्यांची संमतीपत्रं हातात पडल्यावरच पैसे द्या. गणपतीत सगळे गावी येतात, तो मुहूर्त साधा. सैन्याच्या लिलावातून आलेली आणि कधीच नोंद न झालेली गाडी असेल, तर लिलावाचा विक्रीचा कागद हवाच. तो नसलेल्या गाडीला मी हात लावणार नाही, कितीही अस्सल असो.

आता रंग, ज्यावर सगळ्यांचं मन बसलेलं असतं. सैन्याची जीप म्हणजे ऑलिव्ह हिरवी, पुढे पांढरी चांदणी. पण केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 121 स्पष्ट आहे: संरक्षण खात्याची गाडी सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. अमेरिकी सैन्याची छटा वेगळी होती, हा युक्तिवाद नाक्यावरच्या हवालदारापुढे करून पाहू नका. मला हा नियम योग्य वाटतो. सैन्याची गाडी ओळखू यावी यातच सर्वांची सुरक्षितता आहे. आणि पर्याय इतिहासातच आहेत. वाळवंटातल्या आघाडीवर जीप वाळूच्या रंगाच्या होत्या, अमेरिकी नौदलाच्या राखाडी. माझी वाळूच्या रंगाची आहे, तसंच बुकातही लिहिलं आहे.

युद्धातली प्रत्येक जीप डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची. आपल्याकडे अशी गाडी चालवता येते, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 120 प्रमाणे तिला चालू स्थितीतलं इशारादर्शक साधन हवं. मूळ गाडीला इंडिकेटर नसतात. ते बसवा, वायरिंग चिमटीने धरा, बॉडीला भोक पाडू नका.

दुरुस्तीत आपल्या हवेचा विचार आधी करा. बॉडीच्या तळाला आधार देणाऱ्या पत्र्याच्या पन्हळींत कारखान्यातच लाकूड भरलेलं असतं. चार महिने पाऊस आणि बाकी काळ खारं वारं, ते लाकूड ओलं राहतं आणि तळ आतून खातं. वरून लांबी भरून काही उपयोग नाही. पन्हळी उघडा, लाकूड नवं घाला, तेही तेल पाजून. दुसरं चाकांचं. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. पंक्चरवाला सवयीने जोर लावतो आणि बोल्ट तुटतो. आणि लढाऊ रिम दोन अर्धुकं बोल्टने आवळून बनलेली असते. टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय तिचा एकही नट सैल करू नये. भरल्या टायरवर ती अर्धुकं सुटली तर माणूस जिवाला मुकतो. चाक काढायचे नट कोणते आणि रिम आवळणारे कोणते, यांवर वेगवेगळे रंग मारून ठेवा.

शेवटचा निर्णय नोंदणीचा. जुलै 2021 पासून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आहेत. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल न झालेली दुचाकी किंवा खासगी वापरातली चारचाकी त्यांत बसते. अर्ज परिवहन पोर्टलवर, राज्याची समिती गाडी तपासते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000. नोंद दहा वर्षांची. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, आधी नोंद असलेलीला जुना नंबर ठेवता येतो. डिझेल इंजिन तसंच ठेवलं असतं, तर मला ही वाट बंदच होती. पण एक लक्षात घ्या: अशी गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज बागेत जायचं, हंगामात पेट्या आणायच्या, असा बेत असेल तर व्हिंटेजच्या वाटेला जाऊ नका. साधी नोंदणीच ठेवा, दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचं नूतनीकरण करा आणि पर्यावरण कर भरा.