घरचा जमाखर्च आणि जून महिना

अंदाजपत्रक म्हटले की सरकार, अर्थमंत्री आणि 1 फेब्रुवारी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. वास्तविक ज्या घरात चार माणसे जेवतात त्या घराला अंदाजपत्रक असतेच. फक्त ते कागदावर नसते, गृहिणीच्या डोक्यात असते. सरकारी जमाखर्चावर प्रबंध लिहून डॉ. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. तो ग्रंथ 1925 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनुयायांच्या घरी जमाखर्चाची एक वही असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आम्ही बँकेत खिडकीमागे बसतो. दरवर्षी मे संपता संपता एक गोष्ट आमच्या नजरेस येते. एरवी नीटनेटकी चालणारी कुटुंबे मुदत ठेव मोडायला, नाहीतर मंगळसूत्र तारण ठेवायला येतात. ज्यांच्याजवळ ठेवही नाही आणि दागिनाही नाही, ते आमच्याकडे येतच नाहीत. ते सावकाराकडे जातात. कारण एकच, शाळेची फी, पुस्तके, गणवेश. आता शाळा जूनमध्ये उघडणार हे जानेवारीत ठाऊक नसते काय? हा खर्च अचानक आलेला नसतो. वर्षातून एकदाच येतो, म्हणून अचानक वाटतो. आमच्या मते बहुतेक घरांचे अंदाजपत्रक भाजी-दुधावर मोडत नाही, ते अशा वार्षिक खर्चांवर मोडते.

म्हणून महिन्याच्या किराण्यापासून सुरुवात न करता वार्षिक खर्चापासून करावी. एक उदाहरण घेऊ. हाती येणारा पगार 24,000 रुपये आणि घरात शिकणारी दोन मुले. शाळेचा जूनमधला खर्च 18,000, विम्याचा हप्ता 6,000, भीमजयंती व बुद्ध पौर्णिमेचे कपडे आणि पाहुणे 7,000, लग्नकार्ये व आहेर 5,000, दीक्षाभूमीला आणि गावी जाणे-येणे 6,000, घरपट्टी-पाणीपट्टी 3,000, स्कूटरचा विमा व दुरुस्ती 3,000. बेरीज 48,000. तिला बाराने भागले की महिन्याला 4,000 रुपये. म्हणजे या कुटुंबाचा पगार 24,000 असला तरी घर चालवायला त्यांच्याजवळ 20,000 रुपयेच आहेत. हा आकडा पाहून पुष्कळांना धक्का बसतो. परंतु तो एकदा बसलेला बरा.

हे 4,000 रुपये पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात टाकावेत. फक्त शाळेपुरते पाहिले, तर महिना 1,500 रुपयांचे आवर्ती ठेव खाते जूनमध्ये उघडले की पुढच्या जूनला 18,000 आणि वर थोडे व्याज हाती येते. तेच 18,000 सावकाराकडून महिना शेकडा तीनने घेतले, तर दरमहा 540 रुपये नुसते व्याज. वर्षाला 6,480, आणि मुद्दल जागच्या जागी. शेकडा तीन हा शब्द ऐकायला लहान आहे, पण वर्षाचा हिशेब केला तर तो 36 टक्के होतो. क्रेडिट कार्डाची थकबाकीही बहुधा याच पंगतीत बसते, फक्त सावकार दिसत नाही इतकेच.

जुन्या पानांतही हा विषय आहे. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला भगवंतांनी जो उपदेश केला, त्यात समजीविता हा एक गुण सांगितला आहे. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले ते कळते, तसे गृहस्थाला आपली आवक आणि जावक कळावी, असा त्याचा आशय. पुढे तलावाची उपमा येते. पाणी येण्याच्या चार वाटा आणि जाण्याच्या चार वाटा. जाण्याच्या वाटांत दारू आणि जुगार आहेत. आमच्या लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच. तिथे कंजूषपणाचीही शिफारस नाही. मिळकत असून हालाखीत जगणाऱ्यालाही तिथे दोषच दिला आहे. वही ठेवायची म्हणजे मुलांच्या तोंडचे दूध तोडायचे, असा समज करून घेऊ नये.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन उद्योगधंद्याला, चौथा अडचणीसाठी. भाडे आणि रेशन देऊन उरलेल्या पगारात ही विभागणी जशीच्या तशी बसवण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही. मात्र चौथा भाग वेगळा राहिला पाहिजे. वरचे 4,000 म्हणजे बचत नव्हे, तो पुढे ढकललेला खर्च आहे. आजारपणासाठी 500 का होईना, निराळे टाकावेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता 20 रुपये आहे. तो मेअखेर खात्यातून आपोआप कापला जातो आणि त्या वेळी खाते रिकामे असेल तर संरक्षण थांबते. पुन्हा तोच मे महिना!

वही सुरू करताना आकडे मनाने लिहू नयेत. पासबुकावर मागील बारा महिन्यांच्या नोंदी छापून घ्याव्यात आणि नवरा-बायकोने एकत्र बसून प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहावे. फोनवरून दिलेले वीस-तीस रुपयेही त्यात उमटलेले असतात. त्यांची बेरीज करणे हा एक करमणुकीचा कार्यक्रम होतो, निदान पहिल्या वर्षी तरी. संस्थेची वर्गणीही वहीत आधीच धरावी, म्हणजे कार्यकर्ते दारात आल्यावर तोंड लपवावे लागत नाही.

विद्यार्थी मित्रांची शिष्यवृत्ती एकरकमी आणि पुष्कळदा उशिरा येते. तिला उरलेल्या महिन्यांनी भागून तेवढीच रक्कम दरमहा काढावी. ज्यांचे हातावर पोट आहे त्यांनी सरासरी धरू नये. वर्षातला सर्वांत कमी कमाईचा महिना, बहुधा पावसाळ्यातला, धरून घरखर्च बसवावा आणि चांगल्या महिन्यातला वरचा पैसा आधी वार्षिक खर्चाच्या खात्यात टाकावा. आणि एखाद्या महिन्यात ठरवलेला आकडा ओलांडलाच, तर वही बंद करू नये. कोणत्या खर्चातून किती उसने घेतले, ते त्याच पानावर लिहावे आणि पुढच्या महिन्यात तिथेच परत भरावे.