आपल्या हाताने संगणक

(संगणक म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरचे अवघड यंत्र, असे अनेकांना वाटते. सुटे भाग आणून घरी संगणक कसा जोडतात आणि त्यात कोणती काळजी घ्यावी लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, शाळेतला संगणक तुम्ही पाहिला आहे. त्याचा कळफलक, माउस आणि पडदा तुमच्या ओळखीचा आहे. पण पडद्याशेजारी जो उभा डबा असतो, त्याच्या आत काय आहे, हे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? बहुतेकांना तो उघडायची भीती वाटते. आपल्या सायकलची साखळी निसटली, तर आपण ती स्वतः बसवतो. मग संगणकाचीच भीती का वाटावी?

त्या डब्याला दुकानदार 'कॅबिनेट' म्हणतात. तो उघडून पाहिला, तर आत मोजकेच भाग दिसतात. सर्वांत मोठी पाटी म्हणजे मदरबोर्ड. बाकीचे सगळे भाग तिच्यावर बसतात किंवा तिला तारांनी जोडलेले असतात. प्रोसेसर हिशेब करतो. रॅम ही चालू कामापुरती आठवण. वीज गेली की ती पुसली जाते. एसएसडी किंवा हार्डडिस्क ही कायमची आठवण. तुमची पत्रे, चित्रे आणि अभ्यास तिच्यात राहतो. एसएमपीएस हा घरातली वीज संगणकाला सोसेल अशी करून देतो. पंखे आतली उष्णता बाहेर टाकतात.

वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झालेले हे भाग एकमेकांत नेमके कसे बसतात? ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला 'पीसी' बाजारात आणला. त्यातला प्रोसेसर इंटेल कंपनीचा होता. आयबीएमने या यंत्राची तांत्रिक माहिती छापून प्रसिद्ध केली. त्यामुळे इतरांनाही त्याला जुळणारे भाग बनवता येऊ लागले. पुढे १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' हा नमुना ठरवला. मदरबोर्ड केवढा असावा, स्क्रूची भोके कोठे असावीत, हे त्यात ठरले. म्हणूनच आज एका दुकानातला बोर्ड दुसऱ्या दुकानातल्या कॅबिनेटमध्ये बसतो. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर असे सुटे भाग विकणारी कितीतरी दुकाने आहेत.

पण दुकानात जाण्यापूर्वी घरी कागद-पेन्सिल घेऊन बसा. घरातले पैसे कष्टाचे असतात. चुकीचा भाग घेतला, तर दुकानदार तो परत घेईलच असे नाही. म्हणून चार गोष्टी लिहून काढा. पहिली, प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे सॉकेट एकच आहे ना? दुसरी, बोर्डाला डीडीआर-४ रॅम लागते की डीडीआर-५? या दोहोंच्या खाचा वेगळ्या जागी असतात. एक दुसरीच्या जागी बसत नाही. तिसरी, प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आहे का? नसेल, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. चौथी, एसएमपीएस सगळ्या भागांना पुरेल इतकी वीज देतो का? येथे थोडे पैसे वाचवायला जाऊन हलका एसएमपीएस घेऊ नका. तो बिघडला, तर आपल्याबरोबर इतर भागांनाही घेऊन बुडतो.

आता कामाला लागू या. घरातले किंवा ओळखीचे एखादे मोठे, जाणते माणूस जवळ असू द्या. स्वच्छ लाकडी टेबल घ्या. हातात लागेल तो फक्त एक पेचकस. हाच शब्द तुम्हांला उर्दूत 'पेचकश' म्हणून ठाऊक आहे. भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा आणि काम चालू असताना मधूनमधून तसे करीत राहा. गालिच्यावर चालल्याने किंवा लोकरीच्या कपड्याने आपल्या अंगात स्थिर वीज साठते. आपल्याला जाणवणारही नाही इतकी थोडी वीज नाजूक भागाला निकामी करू शकते.

मदरबोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो. तशीच खूण सॉकेटवरही असते. दोन्ही खुणा जुळवा आणि प्रोसेसर अलगद ठेवा. तो स्वतःच्या वजनाने बसतो. त्याला दाबू नका! तेथील पिना केसासारख्या बारीक असतात. एक जरी वाकली, तरी सगळी खरेदी वाया जाऊ शकते. खटका बंद करताना मात्र थोडा जोर लागतो. त्याला घाबरू नका.

रॅमचे उलटे आहे. तिची खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबावे लागते. 'टक्' असा आवाज आला, की ती बसली. लहान एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसते. ती तिरपी सरकवून एका स्क्रूने पक्की करा. मग प्रोसेसरवर वाटाण्याएवढा थर्मल पेस्ट लावून पंख्याचा ठोकळा बसवा. ठोकळ्याला आधीच पेस्ट लावलेला असेल, तर दुसरा लावू नका. ठोकळ्याखाली प्लॅस्टिकचा कागद चिकटलेला असेल, तर तो काढायला विसरू नका. पंख्याची तार बोर्डाला जोडा.

आता बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवायचा. त्याआधी भोकांच्या जागी पितळी खुंट्या लावलेल्या आहेत का, ते पाहा. बोर्डाची मागची बाजू लोखंडाला टेकली, तर वीज भलत्याच वाटेने जाते आणि बोर्ड जळू शकतो. शेवटी एसएमपीएस बसवून त्याच्या तारा जोडा. एक रुंद, चोवीस पिनांची, ती बोर्डाची. दुसरी लहान, चार किंवा आठ पिनांची, ती प्रोसेसरची. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. एसएमपीएस स्वतः कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत जीवघेणी वीज साठून राहते.

सगळे जोडून झाले. भिंतीवरचा तीन पिनांचा, अर्थिंग असलेला प्लग लावला. घरातली सारी माणसे भोवती जमली. तुम्ही बटण दाबले. पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला! कोणी म्हणेल, "गेले पैसे पाण्यात!" तुमच्या पोटात गोळा येईल. अशा वेळी धीर सोडू नका. थोडे थांबा. काही नव्या बोर्डांना पहिल्या वेळी रॅम ओळखायला काही मिनिटे लागतात. तरीही काही झाले नाही, तर संगणक बंद करा, प्लग काढा आणि एकेक गोष्ट क्रमाने तपासा. पडद्याची तार नीट बसली आहे का? रॅम दोन्ही बाजूंनी आत गेली आहे का? प्रोसेसरची ती लहान तार राहून तर गेली नाही ना? पुष्कळदा दोष अशाच साध्या ठिकाणी सापडतो. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा पाहा. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत हेच करतात.

मग पडद्यावर अक्षरे उमटतात. तो आनंद विकतच्या तयार संगणकाने मिळत नाही. त्यानंतर पेनड्राइव्हवरून लिनक्ससारखी मोफत कार्यप्रणाली चढवता येते. तिच्यात मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांत लिहिता येते.

नवे भाग विकत घेणे सर्वांनाच परवडत नाही. त्यात कमीपणा नाही. भंगारवाल्याकडचा एखादा बंद संगणक घ्या, प्लग न लावता उघडा, भाग सुटे करा आणि पुन्हा जोडा. हात आणि डोळे तेथेच तयार होतात. उरलेले भाग कचऱ्यात टाकू नका किंवा जाळू नका. त्यांत शिशासारखे विषारी पदार्थ असतात. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे ते द्या.

आपल्या देशाचाच अनुभव पाहा. एके काळी भारताला हवा तसा महासंगणक परदेशातून मिळेना. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील शास्त्रज्ञांनी अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडले आणि १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. जे मिळाले नाही, ते त्यांनी घडवले.

मुलांनो, जे यंत्र आपण उघडून पाहिले, त्याची भीती उरत नाही. उद्या शेजाऱ्यांचा संगणक बंद पडेल, तेव्हा "मी पाहू का?" असे विचारण्याचे धाडस तुमच्यात असेल. ते धाडस हीच या कामाची खरी कमाई!

शब्दार्थ

आवाक्याबाहेरचे – शक्तीपलीकडचे
खाच – कापलेली छोटी जागा
अलगद – हळूच, जोर न लावता
निकामी – उपयोगी न राहिलेले
कार्यप्रणाली – संगणकाचे सर्व काम चालवणारी मूळ आज्ञावली

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वीज गेल्यावर कोणती आठवण पुसली जाते?
(आ) 'परम ८०००' हा महासंगणक कोणत्या साली तयार झाला?

२. कारणे लिहा.
(अ) प्रोसेसर बसवताना दाबू नये.
(आ) एसएमपीएस कधीही उघडू नये.

३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
पडदा काळाच राहिला, तर तुम्ही काय काय तपासाल?

४. वाक्यात उपयोग करा.
पोटात गोळा येणे, धीर सोडणे, पैसे पाण्यात जाणे.

५. उपक्रम.
'पेचकस'प्रमाणे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत असलेले दहा शब्द शोधा आणि त्यांची यादी वर्गात लावा.