चर्मशिलाई यंत्राचा मोठा बिघाड : पहिल्या तासाची दक्षता

ग्रामीण भागातील चर्मोद्योगाचे स्वरूप गेल्या काही दशकांत पार पालटले आहे. बीड जिल्ह्यातील केज तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. विहिरीवर मोट चालत होती, तोवर मोट, नाडा, आसूड आणि जाड वहाणा ही चर्मकार बांधवांची हक्काची कामे होती. तेलाची इंजिने व विजेचे पंप आले आणि मोट गेली. याच तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीवर धरण झाले आणि शेतीचे चित्र बदलले. आता कारागिराकडे येते ते काम पादत्राणांचे, दप्तरांचे, पिशव्यांचे आणि पट्ट्यांचे. हे काम केवळ आरी व रापी यांवर भागत नाही. त्याला जाड चामडे शिवणारे यंत्र लागते.

असे यंत्र बहुधा कर्ज काढून किंवा शासकीय साहाय्याने घेतलेले असते आणि एका घरात ते एकच असते. शाळा उघडण्याचे दिवस आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांच्या तयारीचे दिवस हा कामाचा खरा हंगाम होय. नेमक्या याच काळात यंत्र बंद पडले, तर मिळकत थांबते. पण कर्जाचा हप्ता थांबत नाही. दुरुस्ती लांबली की यंत्रावर पोते पडते, पोत्याखाली गंज चढतो आणि त्यावर झालेला खर्च व्यर्थ जातो. म्हणून यंत्र मिळवून देण्याइतकेच ते चालू ठेवण्याचे ज्ञान महत्त्वाचे आहे.

यंत्राचे मर्म

शिलाई यंत्रातील दुहेरी धाग्याच्या टाक्याला १८४६ साली अमेरिकेत एलियस होवे यांनी एकस्व मिळविले. त्याचे तत्त्व आजही तेच आहे. सुई वरचा धागा चामड्याखाली नेते. सर्वांत खालच्या स्थानावरून ती सुमारे २ ते २.५ मिलिमीटर वर येताच धाग्याचा लहानसा फास तयार होतो. त्याच क्षणी हुकाचे टोक त्या फासातून जाते आणि वरचा धागा बॉबिनच्या धाग्याभोवती फिरवते. त्या वेळी हुकाचे टोक सुईच्या नेढ्याच्या किंचित वर असावे लागते आणि सुई व टोक यांत जेमतेम कागदाएवढे अंतर राहावे लागते. कारागीर ज्याला 'टायमिंग' म्हणतात ते हेच. नेमके माप यंत्रागणिक वेगळे असते; तेथे यंत्रासोबतची पुस्तिका प्रमाण मानावी.

मोठे वाटणारे पुष्कळ बिघाड या एका भेटीत व्यत्यय आल्याने होतात. धागा हुकात गुंततो, सुई वाकते किंवा हुक जागचा सरकतो. मूळ दोष लहान असतो. पण अडकलेले चाक जोराने फिरविले, हातोडी चालविली किंवा मोटार पुनःपुन्हा सुरू केली, म्हणजे हुकाचे टोक तुटते, दांडा वाकतो आणि लहान दोषाचा खर्च मोठा होतो. म्हणूनच बिघाडानंतरचा पहिला तास निर्णायक असतो.

प्रथम काय करावे

सर्वप्रथम वीज बंद करावी. जुन्या पद्धतीची क्लच मोटार बटण बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहते आणि त्या अवधीत पायाखालची पट्टी दाबली गेल्यास सुई चालते. म्हणून मोटार पूर्ण थांबल्याखेरीज सुईजवळ हात नेऊ नये.

त्यानंतर हातचाक हलकेच फिरवून लक्षणे पाहावीत :

१. चाक मुळीच फिरत नसेल, तर धागा गुंतला आहे किंवा तेलाअभावी एखादा भाग धरला आहे.

२. सुई हलते पण हुक फिरत नाही, असे असल्यास संरक्षक क्लच सुटला असण्याचा संभव असतो. काही यंत्रांत हुकाला इजा होऊ नये म्हणून अशी योजना केलेली असते. अडथळा काढल्यावर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तो पुन्हा जोडता येतो.

३. सुई व हुक दोन्ही चालतात, पण टाका पडत नाही, असे असल्यास प्रथम सुई बदलून पाहावी. ती वाकलेली, उलटी बसविलेली किंवा चुकीच्या प्रकारची असू शकते. त्यानंतरच टायमिंगचा विचार करावा.

४. मोटार गुणगुणते पण फिरत नाही, असे असल्यास ती तत्काळ बंद करावी. कमी दाबाच्या विजेवर ती तशीच चालू ठेवल्यास तिचे वेटोळे जळते.

उकल आणि जोडणी

धागा गुंतला असल्यास सुई, खालची पट्टी व बॉबिनची डबी काढावी. गुंता ओढू नये. बारीक चिमट्याने व धारदार पात्याने तो तुकड्यातुकड्यांनी कापावा. तेलाचे दोन थेंब सोडून चाक मागेपुढे अगदी थोडे हलवावे. सुई मोडली असल्यास तिचे सर्व तुकडे सापडेपर्यंत काम पुढे नेऊ नये. यंत्रात राहिलेला तुकडा हुक बिघडवितो आणि चामड्यात राहिलेला तुकडा गिऱ्हाइकाच्या पायात जातो.

हुकाच्या टोकावर नख फिरवून पाहावे. नख अडकत असेल तर अतिशय बारीक पॉलिश कागदाने टोक गुळगुळीत करावे. टोक तुटले असेल तर हुक बदलण्यावाचून उपाय नाही. कोणताही स्क्रू सैल करण्यापूर्वी दोन्ही भागांवर जुळणारी खूण करावी. आज बहुतेक घरांत मोबाइल आहे. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे. काढलेले स्क्रू क्रमाने वाटीत ठेवावेत.

जोडणीनंतर चाचणीही क्रमानेच घ्यावी. प्रथम धाग्याविना हाताने, मग धागा ओवून हाताने, नंतर चामड्याच्या दुहेरी तुकड्यावर आणि शेवटी विजेवर मंद गतीने यंत्र चालवून पाहावे.

वाकलेला दांडा, तुटलेले दाते, बिडाच्या अंगाला गेलेला तडा व जळालेली मोटार ही कामे जाणत्या मेकॅनिकचीच होत. विशेषतः बिडाचा भाग गावात घाईने जोडून घेऊ नये. उष्णतेने तो वाकला किंवा पुन्हा तडकला की यंत्राची जुळणी कायमची बिघडते.

बिघाड टाळण्याचे मार्ग

चामड्याची सुई टोकाशी पात्यासारखी धारदार असते. तेथे कापडाची सुई वापरू नये. सुई, धागा आणि चामड्याची जाडी यांचा मेळ असावा. जेथे अनेक थर एकत्र येतात, तेथे कडा रापीने तासून पातळ कराव्यात. पिढीजात कौशल्य यंत्राचे आयुष्य वाढविते ते असे. चिकटविण्याचे सोल्यूशन पूर्ण वाळल्यावरच शिवण घालावी. रोज काम संपताच धूळ व चामड्याचा भुसा झाडून तेल द्यावे.

पंचायत, शाळा व कार्यालये यांचे कार्य

चर्मकार समाजाच्या विकासासाठी राज्याने १९७४ साली महामंडळ स्थापन केले. आज ते संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ या नावाने ओळखले जाते. गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना सामाजिक न्याय विभागामार्फत राबविली जाते. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकारांचा समावेश असून तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व सवलतीच्या व्याजाचे कर्ज यांची तरतूद आहे.

या साहाय्याला देखभालीची जोड हवी. यंत्र देताना त्यासोबत पुस्तिकेचा मराठी सारांश, योग्य सुयांचा संच आणि एक जादा हुक देता आला, तर पुष्कळ यंत्रे बंद पडून राहणार नाहीत. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने गावातील यंत्रांची व जवळच्या मेकॅनिकची नोंद ठेवावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील फिटर व वीजतंत्री शाखांच्या निदेशकांनी हंगामापूर्वी एक दिवसाचे तपासणी शिबिर घेतल्यास विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष धडा मिळेल आणि कारागिराचा शहरातील हेलपाटा वाचेल. शिक्षकांनाही सुई व हुकाची भेट हे यंत्रगतीचे सोपे उदाहरण म्हणून वर्गात दाखविता येईल.

यंत्र कोणतेही असो, ते कधी ना कधी थांबणारच. त्या वेळी बळाऐवजी क्रमाने विचार करण्याची सवय कारागिराला लागली आणि त्याच्या पाठीशी गावाची व्यवस्था उभी राहिली, तर थांबलेले यंत्र हंगाम संपण्यापूर्वी पुन्हा चालू होईल. शासकीय साहाय्याचे खरे फळ चालत्या यंत्रातच आहे.